हौसराव जगधने यांच्या चिठ्ठ्या

मांडवगण फराट्याच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना संपली की दोन गोष्टी ठरलेल्या. सोपानराव घंटेचा दोर खुंटीला गुंडाळून ठेवायचे, आणि हौसराव जगधने उपदेश करणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायचे. पाव कागद, एकच घडी, आत आकडे घालून लिहिलेल्या चुका. बाहेरगावचा पाळक आला असेल तर त्याला चिठ्ठी मिळत नसे. त्याला चहा, पोहे आणि "लई आशीर्वाद मिळाला बघा" असं तोंडभर कौतुक मिळे, मग तो व्यासपीठावर उभा राहून पाऊण तास काहीबाही बोललेला असो. चिठ्ठी फक्त घरच्या पोरांना. याच गल्लीत वाढलेल्या, याच चर्चच्या सतरंजीवर बसून रविवारच्या शाळेत वचनं पाठ केलेल्या आणि आता कुठं चार शब्द बोलायला उभ्या राहिलेल्या पोरांना.

"परक्याला काय सांगायचं?" हौसराव म्हणत. "सांगायचं ते आपल्यालाच."

हौसराव बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन टिपायचं, मोळ्यांत पाचट किती, माती किती ते बघायचं आणि तेवढी वजावट लिहायची. एवढा ऊस पिकवून, तोडून, भरून आणणाऱ्या माणसाला "ऊस झकास हाय हां" असं म्हणायचं काम त्यांचं नव्हतं, आणि त्यांनी ते कधी केलंही नाही. कोणाची बाजू घेतली नाही, कोणाचा चहा घेतला नाही. काट्यावरचा सरळ माणूस म्हणून तालुक्यात नाव होतं. निवृत्त झाल्यावर काटा सुटला. वजावट मात्र सुटली नाही.

चिठ्ठ्यांचं खूळ त्यांनी आपल्या मनानं काढलं नव्हतं. पूर्वीचे एक म्हातारे पाळक बदली होऊन जाताना त्यांचा हात धरून म्हणाले होते, "हौसराव, तुमचं शास्त्राचं वाचन पक्कं आहे. पोरांकडे लक्ष ठेवा." झालं. हौसरावांनी ते शपथेसारखं धरलं. मंडळीचे पंच म्हणून पहिल्या बाकावर बसायचे, खिशातून बॉलपेन काढायचे आणि लक्ष ठेवायचे. पुन्हा यात दुष्टावा म्हणाल तर तीळभर नव्हता. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या मंडळीचा पाळक आपल्यातलाच असावा. शिरूरहून महिन्यातून एकदा प्रभुभोजन द्यायला येणारा नको, पुण्याकडं डोळे लावून बसलेला नको, आपला हवा. दर रविवारी ते प्रार्थनेत म्हणत, "प्रभू, आमच्यातलाच एक उभा कर." प्रभू बिचारा उभा करायचा. हौसराव त्याच्या हातात चिठ्ठी द्यायचे.

तिघं उभे राहिले आणि तिघं गेले. एक पिंपरीच्या कुठल्या मोठ्या हॉलमध्ये गिटार वाजवतो. एक नगरला विम्याची कामं करतो. तिसरा गावातच आहे, पण रविवारी सकाळी दूध घालायला गेला की उपासना संपल्यावरच परत येतो. प्रत्येकाच्या पाठीमागं हौसराव म्हणाले, "आजकालच्या पोरांना घरची सेवा नको. स्टेज पाहिजे." हे ते इतक्या दुःखानं म्हणत की ऐकणाऱ्याला पटायचं.

चौथा सतीश. सोपानरावांचा धाकटा. हौसरावांना पोरबाळ नाही, आणि हा सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या ओसरीवर वाढलेला. त्याला वाचन त्यांनी शिकवलं, पहिली प्रार्थना त्यांनी शिकवली. नगरला तीन वर्षं धर्मशास्त्र शिकून तो पहिल्या वर्गात पास झाला. शहरातल्या एका मोठ्या मंडळीनं बोलावलं तर गेला नाही. सरळ गावी आला आणि म्हणाला, "मी आपल्याच मंडळीत सेवा करणार आबा." हौसराव त्याला म्हणाले, "बघू." मग घरामागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन लहान मुलासारखे रडले. हे रंगुबाईंनी, त्यांच्या बायकोनं, डोळ्यांनी पाहिलं. सतीशला ते कधी कळलं नाही, कारण सांगणार कोण?

सतीशच्या पहिल्या उपदेशाला माणसं दाराबाहेर उभी होती. पोरगं घामानं निथळत होतं, पण बोललं. माशाच्या पोटात सापडलेल्या संदेष्ट्याची गोष्ट त्यानं अशी सांगितली की म्हाताऱ्या बायका माना डोलवायला लागल्या. उपासना संपली. चिठ्ठी आली. 'एक, संदेष्टा माशाच्या पोटात तीन दिवस होता, चार नव्हे. दोन, हात फार हलतात. तीन, प्रार्थना लांबली.' आणि खाली, प्रत्येक चिठ्ठीच्या खाली असायचं तसं, 'प्रभू सुधारो.'

चिठ्ठी दिली की हौसराव खाली वाकून चपला शोधायला लागायचे. देणं झालं, काम झालं. घेणाऱ्याच्या तोंडाकडं त्यांनी कधी पाहिलं नाही.

"एकदा तरी त्याला चांगलं बोललास म्हणा की," रंगुबाई म्हणायच्या.

"चांगलं तर बोलतोच त्यो. त्यात सांगायचं काय? जे न्हाई ते सांगायचं."

अडीच वर्षं सतीश टिकला. आजाऱ्यांकडं गेला, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर पोरांना शिकवायला गेला, भांडलेले भाऊ एका ताटात जेववले. रविवार आला की चिठ्ठी. शेवटच्या दिवसांत गल्लीतलं एक लहान मूल तापानं गेलं. त्याच्या पुरणविधीला, माती देताना, सतीश जे बोलला ते ऐकून मुलाची आई पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. हौसरावांचे स्वतःचे डोळे भरून आले, चष्मा पुसावा लागला. त्या दिवशीची चिठ्ठी एका ओळीची होती. 'घड्याळाकडे दोनदा पाहिले. प्रभू सुधारो.'

पुढच्या महिन्यात सतीश दौंडला निघून गेला. तिथं काही रेल्वेवाल्या कुटुंबांची प्रार्थनासभा होती, त्यांनी बोलावलं म्हणाला. हौसराव स्टेजचं ते नेहमीचं वाक्य म्हणाले. या वेळी वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

याला सहा वर्षं झाली. मंडळीची घरं आता सात उरली. यंदा जानेवारीत वरच्या समितीचं पत्र आलं. शिरूरचे पाळक निवृत्त होत आहेत, नवा माणूस एवढ्या लहान मंडळीला देता येत नाही. मंडळीनं आपल्यातला कोणी सेवेसाठी पुढं केला तर ठीक, नाहीतर ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारनंतर मांडवगणची उपासना बंद करून कुटुंबं शिरूरच्या मंडळीत जोडावीत आणि चर्चची किल्ली समितीकडं जमा करावी. सोपानरावांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग घंटा?" घंटेविषयी पत्रात काही नव्हतं.

पंचांची बैठक म्हणजे आता हौसराव, सोपानराव आणि एक बहिरे आप्पा. तिघांच्या मनात एकच नाव होतं. सोपानराव म्हणाले, "मी बाप हाय, माझं त्यो ऐकायचा न्हाई. तुमचं ऐकंल."

रविवारी सकाळी निघताना रंगुबाईंनी हौसरावांचा सदरा स्वतः काढून दिला. खिशातलं बॉलपेन आणि कागद मात्र काढून घेतले.

"हे कशाला?" हौसराव चिडले.

"सवय वाईट. तोंडानं बोला. सतीश, तू चांगलं बोलायचास, आमाला तुझी गरज हाय. एवढं दोनच वाक्य. म्हणा बघू."

"लहान हाय का मी?"

"म्हणा."

हौसराव म्हणाले नाहीत. वडापच्या जीपमध्ये मात्र भीमेचा पूल येईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. सतीश, तू चांगलं बोलायचास. शेजारच्या बाईला वाटलं बाबा जप करतायत, तिनं आदरानं पाय आवरून घेतले.

दौंडात टायरच्या दुकानाच्या वर सतीशचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक की-बोर्ड, भिंतीवर कापडी बॅनर. माणसं चाळीसभर, निम्मी हिंदीत बोलणारी. सतीश दारातच होता. केस कानाजवळ पांढरे झालेले. त्यानं हौसरावांना पाहिलं आणि धावत येऊन दोन्ही हात धरले.

"सलाम आबा! तुम्ही? आधी सांगायचं न्हाई का, न्यायला आलो असतो!"

त्यानं त्यांना पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. हौसरावांचा जीव भांड्यात पडला. पोराच्या मनात काही नाही. हा येणार.

गाणी सतीशनं म्हटली, पण त्या दिवशी उपदेश त्याचा नव्हता. खुटबावची मोनिका नावाची एक मुलगी, बावीसेक वर्षांची, व्यासपीठावर आली. हातात लिहून आणलेला कागद होता. तिनं तीच माशाची गोष्ट घेतली. सुरुवातीला अडखळली, मग कागद बाजूला ठेवून बोलायला लागली. देवानं सांगितलेल्या गावी न जाता दुसरीकडंच पळणाऱ्या माणसाचं सांगता सांगता म्हणाली, "लांबच्या ठिकाणी जायला त्याला भीती वाटली असं आपण म्हणतो. मला तर आपल्याच माणसांसमोर उभं राहायची जास्त भीती वाटते." आणि थोडं हसली. हौसरावांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं उपदेश ऐकले, पण असं साधं आणि खरं बोलणं त्यांनी क्वचित ऐकलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "चार दिवस तो त्या अंधारात होता."

हौसरावांचा हात आपोआप खिशाकडं गेला. खिसा रिकामा. ते ओशाळले, हात मांडीवर ठेवला, आणि सहज शेजारी पाहिलं.

सतीश लिहीत होता. मांडीवर पाव कागद, हातात बॉलपेन, मान थोडी तिरकी. अगदी अशीच मान तिरकी करून हौसराव लिहायचे, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

उपासना संपली. माणसं एकमेकांना सलाम करत उठली. सतीशनं कागदाची घडी घातली, मोनिकाच्या हातात दिली आणि लगेच की-बोर्डची वायर गुंडाळायला वाकला. वाकले नाहीत ते हौसराव. म्हणून त्यांना जन्मात पहिल्यांदा दिसलं. मुलीचा चेहरा आधी उजळ होता, बोलून झाल्याची सुटका दिसत होती, कुणीतरी काही म्हणेल अशी आशाही होती. घडी उघडली, आणि ते सगळं पुसलं गेलं. ती रडली नाही, रागावली नाही. फक्त मान हलवून "हो सर" म्हणाली, आणि सर तर वायर गुंडाळत होते.

चार पोरांचे चेहरे हौसरावांना तेव्हा आठवायला हवे होते. पण त्यांनी ते पाहिलेच नव्हते, तर आठवणार कुठून? जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्याच्या मोळीतलं पाचट हुडकलं, त्याला इतकी साधी गोष्ट दिसली नव्हती.

जेवताना त्यांनी विषय काढला. पत्र दाखवलं. सतीशनं ते शांतपणे वाचलं. आता म्हणायचं, हौसरावांनी ठरवलं. सतीश, तू चांगलं बोलायचास. त्यांनी घसा साफ केला आणि तोंडातून आलं, "तुझा आवाज आता बरा लागतो."

सतीश हसला. "तुमच्यामुळंच आबा." उठला आणि कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत चिठ्ठ्या. एकशे अकरा. तारखेवार लावलेल्या. "एक पण टाकली न्हाई. दौंडात माझा कुणी एक शब्द पकडू शकत न्हाई. ह्या चिठ्ठ्यांनी मला घडवलं."

"मग ये की बाळा परत. आपलीच माणसं हायत."

सतीशनं पिशवीची गाठ बांधली. "खरं सांगू आबा? हितं चाळीस लोकांपुढं मला काय वाटत न्हाई. पण आपल्या चर्चचं ते व्यासपीठ नुसतं डोळ्यांपुढंसुद्धा नको वाटतं. तिथं मला शनिवारपासनं जेवण जायचं न्हाई. त्या लहान पोराच्या मातीच्या दिवशी मला वाटलं, आज तरी आबा काही म्हणतील. तुम्ही चष्मा पुसत होता, मी पाहिलं होतं." त्यानं पत्राची घडी घालून परत दिली. "मी येणार न्हाई आबा. राग मानू नका. देवाशपथ, माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट काय न्हाई."

असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर हौसरावांना भांडता आलं असतं, स्टेजचं ते जुनं वाक्य तोंडावर फेकता आलं असतं. मानानं परत पाठवणाऱ्या पोराशी काय भांडणार?

"मंग त्या पोरीला चिठ्ठी का देतोस?" त्यांनी विचारलं.

सतीशला प्रश्नच कळला नाही. "म्हंजी? न्हाई दिली तर शिकणार कशी?"

हौसराव ताटावरून उठले. सतीश सोडायला गाडी काढत होता, नको म्हणाले. स्टँडजवळ जीप भरत होती आणि मोनिका तिथंच, खुटबावकडच्या गाडीची वाट बघत उभी होती. एकाएकी त्यांच्या मनात आलं, खुटबाव म्हणजे काय लांब? ही मुलगी रविवारी मांडवगणला आली तर? आपल्यातलीच आहे, या मातीतली आहे. समितीला नाव देता येईल. झावळ्यांच्या रविवारला अजून तीन आठवडे आहेत. ते जवळजवळ पळतच तिच्याकडं गेले, धाप लागेपर्यंत.

"पोरी, आमच्या मांडवगणला येशील का? आमची मंडळी हाय. पाळक न्हाई. तू येशील का सेवेला?"

मुलगी गोंधळली. "मी? न्हाई हो आबा. मला कुठं जमतंय? मामानं पुण्यात नोकरी बघितलीय, पुढच्या महिन्यात जाणार. आज शेवटचंच म्हणून बोलले." तिनं हातातली घडी दाखवली, जणू तो दाखलाच होता. "बघा की."

हौसरावांना चष्मा लावायची गरज पडली नाही. आकडे, खाली रेघ, आणि रेघेखाली सतीशच्या वळणदार अक्षरात 'प्रभू सुधारो.'

"चांगलं बोललीस तू," हौसराव म्हणाले. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून आलं, आणि आल्यावर इतकं सोपं वाटलं की त्यांनी परत म्हटलं. "लई चांगलं बोललीस."

मोनिकानं मान वर केली. क्षणभर तो सकाळचा उजेड परत आला. मग तिनं लगबगीनं पर्समधून पेन काढलं. "सर सांगत होते, तुमच्या कानातनं काय सुटत न्हाई म्हणून. आणि काय चुकलं ते सांगा ना. लिहून घेते."

"काय सुदिक चुकलं न्हाई."

हा मात्र जन्मातला पहिला खोटा काटा होता, आणि मुलीनं तो लगेच ओळखला. तिनं चिठ्ठीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या बोटाखाली पहिलीच ओळ होती. 'एक, तीन दिवस, चार नव्हे.'

"असू दे आबा," ती मायेनं, मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. "मागं बसला असाल, ऐकू आलं नसंल तुम्हाला." चिठ्ठी जपून पर्समध्ये ठेवली आणि खुटबावच्या गाडीत चढली. गाडी वळेपर्यंत तिनं हात हलवला. मी पहिल्या रांगेत होतो, एकूण एक शब्द ऐकला, हे हौसरावांना सांगायचं होतं. पण त्यावर कोण विश्वास ठेवणार?

घरी पोचले तेव्हा रंगुबाई दारातच होत्या. "म्हणालात का?"

"म्हणालो."

"मंग?"

हौसरावांनी चपला काढल्या, त्या नीट जोडीनं लावल्या. मग भिंतीवरची चर्चची किल्ली काढली आणि खोबरेल तेलाचं बोट लावून पुसायला बसले. तीन आठवड्यांनी समितीची माणसं यायची होती, आणि किल्ली गंजलेली देणं त्यांना बरं वाटलं नसतं.